शाळेची दारं: टेक्ससमधल्या सुरक्षा समितीवर दोन वर्षं

मे २०२५च्या अखेरीस आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, सुरक्षा समितीवरची माझी मुदत संपली. दोन वर्षं पालक प्रतिनिधी म्हणून तिथे बसले. डॅलसच्या उत्तरेकडच्या गावांत आपली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. मंडळाच्या गणपतीत आरती-प्रसाद झाला की शाळांचा विषय निघतो, आणि त्यामागोमाग बंदुकीचा. कुणी म्हणतं खासगी शाळेत घालू या, कुणी म्हणतं भारतात परत जाऊ या, कुणी म्हणतं अहो, एवढं काही होत नाही. माझं यातल्या कशानेच समाधान होत नव्हतं. शाळेच्या सुरक्षेचं नेमकं कोण ठरवतं, पैसे कुठून येतात, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या पालकाला तिथे तोंड उघडता येतं का, हे मला कळून घ्यायचं होतं. जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. डिस्ट्रिक्टचं नाव देत नाही, आणि बंद दाराआड झालेली चर्चाही इथे येणार नाही, तसं लिहून दिलेलं आहे.

२४ मे २०२२ रोजी टेक्ससमधल्याच युवाल्डी गावात रॉब एलिमेंटरी या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. माझी मुलगी तेव्हा किंडरगार्टन संपवत होती. युवाल्डी आमच्यापासून गाडीने पाच-सहा तासांवर. त्या जुलैत टेक्सस विधानसभेच्या चौकशी समितीचा अहवाल आला आणि रात्री मुलगी झोपल्यावर मी तो वाचून काढला. ३७६ पोलीस त्या शाळेत जमले होते आणि वर्गाचं दार उघडून आत शिरायला ७७ मिनिटं लागली, हे सगळ्यांना माहीत झालं. त्याआधीची पानं मात्र फार कुणी वाचली नाहीत. त्यांत लिहिलंय की पश्चिमेकडचं दार लावलेलं होतं, पण त्याला कुलूप बसलं नव्हतं. १११ नंबरच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं, तरी दुरुस्तीची रीतसर तक्रार नोंदवलेली नव्हती. किल्ल्या कमी होत्या, म्हणून बदली शिक्षकांसाठी दारं लोहचुंबक किंवा पाचर लावून उघडी ठेवण्याची सवय पडली होती. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या पोलिसी पाठलागांमुळे सावधानतेचे इशारे इतक्या वेळा येत की लोकांना त्यांचं गांभीर्य उरलं नव्हतं. आणि त्या डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पोलीस खातंही होतं.

हे वाचल्यावर मुलीच्या शाळेत गेले की नजर आपोआप दारांकडे जायला लागली.

६ मे २०२३ला डॅलसच्या उत्तरेकडच्याच ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ माणसं गेली, त्यांत एक भारतीय तरुणी. दिवाळीच्या आधी भारतात न्यायचे कपडे आम्ही तिथूनच घ्यायचो. आई फोनवर रडत होती, "परत या गं." तिला काय उत्तर द्यावं कळेना. त्याच महिन्यात टेक्ससच्या विधिमंडळाने हाउस बिल ३ हे विधेयक मंजूर केलं. १ सप्टेंबर २०२३पासून प्रत्येक शाळेत शाळेच्या वेळात एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी, आणि शाळांच्या सुरक्षेसाठी जास्तीचा निधी. त्यावर वाचता वाचता एक जुनी तरतूद सापडली: प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये शाळा सुरक्षा समिती असावीच लागते, आणि तीत तिथल्या विद्यार्थ्यांचे दोन पालक असावेच लागतात.

जूनच्या मध्यावर मी डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात ईमेल पाठवली: दोघांपैकी एखादी जागा रिकामी आहे का? उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी फोन केला, तेव्हा फोनवरच्या बाईंनी अर्जाची लिंक पाठवली. एक पानी अर्ज, मूल कोणत्या शाळेत आहे, समितीवर का यायचंय, आणि पार्श्वभूमी तपासणीला संमती. शुल्क नाही. मी तेव्हा एच-१बी व्हिसावर होते आणि मनात धाकधूक होती की नागरिक नसलेल्या बाईने बंदुकांबद्दलच्या समितीवर अर्ज करावा का. कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकत असलं पाहिजे, एवढंच. आपल्यापैकी बरेच जण या एका शंकेपायी अर्जच करत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. का यायचंय या रकान्यात मी भावनेचं काही लिहिलं नाही. युवाल्डीचा अहवाल वाचलाय, दारं आणि किल्ल्यांबद्दल प्रश्न आहेत, असं चार ओळींत लिहिलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निवडीचं पत्र आलं.

पहिली बैठक सप्टेंबर २०२३मध्ये, दुपारी तीन वाजता. बैठका कामाच्या वेळातच असतात, तेव्हा खर्च म्हणाल तर रजेचे तास. कायद्याने प्रत्येक सत्रात एक आणि उन्हाळ्यात एक बैठक घ्यावीच लागते. टेबलाभोवती सुपरिंटेंडंट म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष आणि आणखी एक सदस्य, शहराच्या पोलीस खात्याचे अधिकारी, आपत्कालीन व्यवस्थापनाचा माणूस, एक वर्गशिक्षिका, आम्ही दोन पालक. पहिला तासभर मला निम्म्या गोष्टी कळल्या नाहीत, कारण सगळे आद्याक्षरांत बोलत होते. शेजारी बसलेल्या शिक्षिकेने माझी वही ओढून घेतली आणि त्यांचे पूर्ण शब्द लिहून दिले. ते पान मी दोन वर्षं प्रत्येक बैठकीला नेलं.

त्या दिवशी बराच वेळ पैशांवर गेला. नव्या कायद्याने राज्य दर विद्यार्थ्यामागे १० डॉलर आणि दर शाळेमागे १५,००० डॉलर देऊ लागलं. ६०० मुलांच्या शाळेचा हिशेब केला तर वर्षाला २१,००० डॉलर. एका पूर्णवेळ अधिकाऱ्याचा पगारसुद्धा त्यात निघत नाही. शिवाय राज्यभर सगळेच डिस्ट्रिक्ट एकाच वेळी माणसं शोधत होते. आमच्याकडे मिडल आणि हायस्कूलमध्ये शहराचे पोलीस आधीपासून होते, एलिमेंटरी शाळांत कुणी नव्हतं. पैसे किंवा माणसं नसतील तर बोर्डाने ठराव करून कायद्यातली सवलत घ्यायची आणि पर्यायी व्यवस्था ठरवायची. त्या पर्यायांत प्रशिक्षित कर्मचाऱ्याला शस्त्र देणं हेही येतं. यावर ऑक्टोबरमधल्या बोर्डाच्या सभेत पालक तावातावाने बोलले, दोन्ही बाजूंनी. माझं मत मी तेव्हाही मांडलं आणि आजही तेच आहे: शिक्षकांच्या हातात बंदूक नको. वर्गात पंचवीस मुलं असताना ती सांभाळायची कुठे, आणि बाहेरून धावत आलेल्या पोलिसाने हातात बंदूक असलेल्या शिक्षकाला ओळखायचं कसं, या दोन प्रश्नांची उत्तरं मला कुणाकडून मिळाली नाहीत. आमच्या बोर्डाने सवलत घेतली, एलिमेंटरी शाळांसाठी परवानाधारक सुरक्षा अधिकारी नेमायचं ठरवलं, आणि सगळ्या जागा भरेपर्यंत पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं.

खरं शिक्षण झालं ते जानेवारी २०२४मध्ये, इमारतींची देखभाल बघणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर मुलीच्या शाळेला फेरी मारली तेव्हा. दारांची तपासणी आता राज्याच्या नियमात आहे. बाहेरची सगळी दारं बंद, खिट्टी बसलेली आणि कुलूपबंद हवीत, आणि शाळा चालू असताना दर आठवड्याला प्रत्येक दार तपासून नोंद ठेवायची. कागदावर हे एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात स्वयंपाकघरामागचं दार माल येतो तेव्हा उघडं राहतं. मैदानाकडचं दार पीटीच्या तासाला कुणीतरी दगड लावून ठेवतं, कारण मुलांना पाणी प्यायला आत यायचं असतं. थंडीत रबर आकसलं की एक दार शेवटचा अर्धा इंच मिटतच नाही. लांबून बंद दिसतं, हाताने ओढलं की उघडतं. त्या गृहस्थांनी मला प्रत्येक दार ओढून बघायला लावलं. बघून कळत नाही, ओढलं की कळतं, असं ते म्हणाले. बाहेरच्या बाजूला प्रत्येक दारावर मोठे आकडे होते. मुख्य दार एक, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढचे. बाहेरून येणाऱ्या पोलिसाला किंवा अग्निशमन दलाला "सात नंबरच्या दाराने या" एवढं सांगता यावं म्हणून.

तळमजल्याच्या काचांना लावलेली फिल्म मी हात लावून पाहिली. बऱ्याच पालकांना वाटतं की ती बुलेटप्रूफ असते. तशी ती नसते. गोळी तिच्यातून जाते. फुटलेली काच धरून ठेवणं आणि आत शिरणाऱ्याला अडवून धरणं हे तिचं काम. तेवढ्या वेळात वर्गांची दारं लागतात आणि पोलिसांना फोन जातो. कनेटिकटच्या सँडी हुक शाळेत डिसेंबर २०१२मध्ये २० मुलं आणि ६ कर्मचारी मारले गेले, त्यानंतर नेमलेल्या आयोगानेही वर्गाचं दार आतून कुलूपबंद करता यायला हवं यावर भर दिला होता. आमच्या शाळेच्या जुन्या भागातली काही कुलपं बाहेरून किल्ली लावायची होती. म्हणजे शिक्षिकेने धोका असताना बाहेर पॅसेजमध्ये यायचं आणि किल्ली फिरवायची. वसंत सत्राच्या बैठकीत वर्गशिक्षिकेने हा मुद्दा लावून धरला. बदली शिक्षकांना सकाळी सहीबरोबर किल्ली मिळते का, हेही तिनेच विचारलं. काही शाळांत मिळत होती, काहींत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात कुलपं बदलली आणि किल्ल्यांची नोंदवही सगळीकडे सुरू झाली. दारामागे लावायचे लोखंडी अडसर घ्यावेत अशीही एका पालकाची सूचना होती. अग्निशमन अधिकाऱ्यांनी स्पष्ट नकार दिला. आग लागली तर सहा वर्षांच्या मुलालाही दार एका हिसक्यात आतून उघडता आलं पाहिजे, आणि अडसर चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर तोच मुलांना आत कोंडून घेईल.

फेब्रुवारीत लॉकडाउन ड्रिल झालं. टेक्ससमध्ये ते वर्षात दोनदा असतं, सत्राला एक. माझी जाऊ न्यू जर्सीत एडिसनला असते, तिकडे दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सुरक्षा ड्रिल सक्तीचं आहे. त्या संध्याकाळी भात कालवता कालवता मुलीने विचारलं, "मी बाथरूममध्ये असले आणि बाईंनी दार लावलं तर?" मला उत्तर माहीत नव्हतं. "बाईंना विचारू या" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशिकेला ईमेल केली. तिने नीट सांगितलं: दार लावण्याआधी शिक्षक पॅसेजमध्ये नजर टाकून जवळ दिसतील त्या मुलांना, ती कुठल्याही वर्गाची असोत, आत ओढून घेतात. बाथरूममध्ये असशील तर जवळच्या मोठ्या माणसाकडे धाव, कुणीच नसेल तर आत कडी लावून गप्प थांब. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा म्हणून दाखवलं आणि खेळायला गेली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मूल विचारेल तेव्हा घाबरून विषय बदलू नका. त्याला उत्तर हवं असतं आणि बहुतेक वेळा उत्तर असतं.

शाळेतून येणाऱ्या मेसेजमधले शब्दही समजून ठेवा, त्यावरून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फार घबराट उडते. 'होल्ड' म्हणजे पॅसेज मोकळा ठेवा, वर्गातच थांबा. कुणाला चक्कर आली तरी होल्ड होतो. 'सिक्युअर' म्हणजे धोका बाहेर कुठेतरी आहे, बाहेरची दारं बंद, आत शिकवणं चालू. 'लॉकडाउन' म्हणजे धोका आत आहे किंवा दाराशी आहे. त्या वेळी फायर अलार्म वाजला तर काय करायचं हेही ड्रिलमध्ये शिकवतात, कारण फ्लोरिडात पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये फेब्रुवारी २०१८ला गोळीबारामुळेच अलार्म वाजला आणि मुलं वर्गांबाहेर आली. तिथे १७ जण गेले.

एप्रिल २०२४मध्ये आमच्या डिस्ट्रिक्टच्या एका शाळेत अचानक तपासणी झाली. युवाल्डीनंतर राज्याने ही पद्धत सुरू केली आहे: न सांगता एक तपासनीस येतो, बाहेरची दारं ओढून बघतो, कुणी अडवतं का पाहतो. त्या शाळेत तो बाजूच्या दाराने आत गेला. दार बिघडलेलं नव्हतं. मूल आणायला आलेल्या एका पालकाने मागून येणाऱ्यासाठी ते धरून ठेवलं होतं. निष्कर्ष समितीपुढे आला आणि खोलीत कुणी कुणाकडे पाहीना. आपल्याकडे मागच्यासाठी दार धरणं ही माणुसकी आहे, आणि सासू-सासरे नातवंडांना आणायला जातात तेव्हा तर ते हमखास धरतात. इथे मागचा माणूस ओळखीचा असला तरी दार लावून घ्यायचं आणि त्याला पुढच्या दाराने, ऑफिसमधून यायला सांगायचं. शाळेने पालकांना पत्र पाठवायचं ठरवलं, तेव्हा ते हिंदी, तेलुगू, स्पॅनिश आणि चिनी भाषेतही जावं असं मी सुचवलं. मराठीतलं मी लिहून दिलं. माझ्या सासऱ्यांना ते वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला वाटायचं, दार तोंडावर लावणं म्हणजे अपमान."

आजी-आजोबांचाच आणखी एक मुद्दा उन्हाळ्याच्या बैठकीत पुढे आला. त्या दिवशी मुलांना पालकांच्या ताब्यात परत देण्याचा सराव होता, टेबलावर नकाशे पसरून. शाळा रिकामी करावी लागली तर मुलांना बसने दुसऱ्या ठिकाणी नेतात. ते ठिकाण मेसेजने कळतं, आणि तिथे ओळखपत्र बघून, नाव जुळवूनच मूल हाती देतात. पालकांनी शाळेकडे धाव घेतली तर रस्ते अडतात आणि रुग्णवाहिका अडकतात. आपल्या घरांत आईवडील दोघं कामावर, आणि गाडी न चालवणारे किंवा नुकतेच शिकलेले आजोबा घरी. त्यांच्याकडे टेक्ससचं ओळखपत्र नसतं. पासपोर्ट चालतो, पण शाळेच्या यादीतलं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे. यादीत 'शकू आजी' आणि पासपोर्टवर शकुंतला, मध्ये आजोबांचं नाव, पुढे आडनाव, असं असलं तर तिथल्या बाई मूल देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नये. दर ऑगस्टला पालक पोर्टलवर जाऊन नावं पासपोर्टबरहुकूम करा. फोन बदलला असेल तर नंबर बदला. अशा वेळी नेटवर्क तुंबतं, म्हणून फोन लावत बसण्यापेक्षा मेसेज करा.

४ सप्टेंबर २०२४ला जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये चौदा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले. तिथल्या शिक्षकांकडे गळ्यातल्या ओळखपत्रावर धोक्याची सूचना देणारं बटण होतं, ते नुकतंच बसवलेलं होतं. टेक्ससमध्येही २०२५-२६पासून प्रत्येक वर्गात अशी मूक सूचना देण्याची सोय असणं कायद्याने बंधनकारक झालं. समितीवरचं माझं ते शेवटचं वर्ष जवळजवळ यावरच गेलं. फोनवरचं ॲप घ्यायचं की गळ्यातलं बटण? ॲप स्वस्त. पण फोन पर्समध्ये असतो, चार्ज संपतो, आणि जुन्या इमारतीच्या आतल्या वर्गांत वायफाय पोहोचत नाही. युवाल्डीच्या अहवालातही इशाऱ्याचे मेसेज आणि कमकुवत वायफायचा उल्लेख आहे. पीटीच्या शिक्षकांनी मैदानाच्या टोकाला जाऊन दोन्ही वापरून दाखवलं, आणि त्यानंतर बटणच घ्यावं यावर फारसे मतभेद उरले नाहीत.

अपालाचीनंतरच्या दोन आठवड्यांत देशभर शाळांना धमक्यांची लाट आली, आमच्याकडेही. बहुतेक मुलांनी एकमेकांना पुढे पाठवलेले मेसेज होते. टेक्ससमध्ये शाळेबद्दलची खोटी धमकी हा गंभीर गुन्हा आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही पोलीस घेऊन जातात. "गंमत केली" हे कारण चालत नाही. मिडल स्कूलमधल्या मुलांना हे घरी बसवून सांगा. आणि कुणाचा मेसेज खरा वाटला तर तो पुढे पाठवू नका, शाळेला कळवा. सांता फे हायस्कूलमध्ये मे २०१८ला दहा जण गेल्यानंतर टेक्ससने प्रत्येक शाळेसाठी धोक्याचं मूल्यमापन करणारं पथक सक्तीचं केलं. त्यात समुपदेशक असतात, आणि कुणी मूल एकटं पडलंय, जीव देण्याचं बोलतंय, हे वेळीच कळलं तर ते त्याच्याशी बोलतात, घरच्यांना बोलावतात. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७मधल्या ४१ शाळा-हल्ल्यांचा अभ्यास केला. बंदूक वापरणाऱ्या मुलांपैकी तीन-चतुर्थांश मुलांना ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच मिळाली होती. म्हणून आता मुलगी कुणाकडे वाढदिवसाला किंवा रात्री राहायला जाणार असेल तर मी आधी विचारते, घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? पहिल्यांदा जीभ अडखळली. समोरची आई म्हणाली, आहे, तिजोरीत आहे, विचारलंत ते बरं केलंत. कुणीही अजून रागावलेलं नाही.

मी समितीवरून उठले तेव्हा सगळं झालेलं नव्हतं. वाढलेल्या वर्गांसाठी अंगणात ठेवलेल्या पोर्टेबल खोल्या अजून कुंपणाच्या कडेलाच आहेत आणि तिथल्या मुलांना बाथरूमसाठी मोकळ्यावरून यावं लागतं. त्याचा खर्च कुलपांच्या कितीतरी पट आहे. २०२५च्या अधिवेशनात राज्याने निधी विद्यार्थ्यामागे २० आणि शाळेमागे ३३,५४० डॉलर केला, त्यातून काही होईल अशी आशा आहे. माझ्या जागी आलेल्या पालकाला मी पोर्टेबलचे फोटो, तारखा आणि आद्याक्षरांचं ते पान दिलं.

टेक्ससमध्ये असाल तर समितीच्या बैठकीची सूचना बोर्डाच्या सभेसारखीच आधी जाहीर करावी लागते, आणि तिचा खुला भाग कुणालाही बसून ऐकता येतो. पहिल्यांदा नुसतं जाऊन बसा. अर्ज बहुतेक उन्हाळ्यात निघतात. ईमेलला उत्तर आलं नाही तर फोन करा.